तळपायातली चांदी

या मायबापहो, असं पुढं सरका. भिंतीला टेकून बसलं की डोळा लागतो आणि कथा अर्धीच कानात शिरते. आयाबायांनो, तुम्हीही टाळकऱ्यांच्या अंगाला या, जागा मोप आहे. आज एका माळकऱ्याची गोष्ट सांगायची आहे. तीत देव आहे, चांदी आहे, आणि आपल्या मुलखात कुणी जिता पाहिला नाही असा एक जीव आहे. ऐकून मनाचा उलगडा होईल, असा शब्द मात्र देत नाही. ज्याच्यावर गुदरली त्याचाच झाला नाही, मग सांगणाऱ्याची काय कथा!

कळंबहून मांजरेच्या कडेकडेनं निघालं की चार कोसांवर निंबोणी लागते. तिथले कोंडीरामबाबा. वय अडुसष्ट, अंगानं काटक, आवाज मात्र असा भरदार की मंडपातला भोंगा बंद पडला तरी कुणाला पत्ता लागू नये. एकोणतिसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली आणि त्या दिवसापासून मटण-मच्छी म्हणजे दुसऱ्या मुलखातली गोष्ट झाली. कळंबच्या आठवडी बाजारात सुकट विकणाऱ्या बाया ओळीनं बसतात. ती ओळ चुकवायला बाबा अर्ध्या बाजाराला वळसा घालायचे, वर उपरणं नाकाला. त्यांच्या कारभारीण गौराबाई म्हणायच्या, "सुकट काय उडी मारून तोंडात शिरती व्हय? चला की सरळ, माझे पाय मोडले!"

निंबोणीत चैत्रात मारुतीच्या देवळापुढं अखंड हरिनाम सप्ताह बसतो. तुम्हाला काय सांगायचं, सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, मुखी नाम चालू, आणि उभं राहायचं. त्यात दुपारचा बारा ते दोनचा पहारा कुणालाच नको असतो. पत्रा तापलेला, पोटात कावळे, आणि शेजारीच पंगतीच्या वरणाला फोडणी पडलेली. तो पहारा सव्वीस वर्षं बाबांचा. मंडपात येणारा जो तो आधी वीणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो. पाया पडायचं ते वीणेच्या, पण डोकं टेकतं माणसाच्या पायावर. बाबा म्हणायचे, "वर्षाचे तीनशे अठ्ठावन्न दिवस हे पाय शेणात आसत्यात. सात दिवस देव उसने मागून नेतो."

त्याच पायाला यंदा दृष्ट लागली.

बाबांना शुगर होती. पाय बधिर झाले होते, पण बधिर पायाला आपण बधिर आहोत हे कळणार कसं? मार्गशीर्षात तुरीच्या रानातून आले. गौराबाईंनी फरशीवर रक्ताची पावलं पाहिली तेव्हा उजेड पडला. तुरीचं धसकट करंगळीच्या मुळाशी तळव्यात घुसून मोडलेलं, आणि ह्यांना खबर नाही. मलम झालं, पट्ट्या झाल्या, पौष सरला, माघ लागला. जखम लिंबाएवढी. धाराशिवच्या डॉक्टरांनी पाय उलटासुलटा करून पाहिला आणि सांगितलं, "बाबा, नव्या पट्टीनं महिनाभरात मांस धरलं तर ठीक. न्हाई धरलं तर घोट्यापासून काढावा लागंल."

घरी आल्यावर बाबा दोन दिवस जेवले नाहीत. एका पायावर वीणा घेऊन उभं राहता येतं का, हे त्यांनी न्हाणीत दार लावून करून पाहिलं होतं. येत नव्हतं.

नवी पट्टी बांधायचं काम सुनेकडं आलं. सून वर्षाराणी. मुलगा योगीराज एसटीत कंडक्टर, सोलापूरच्या गाडीवर, आणि सून कळंबच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. दर तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आली की स्कुटी लावायची, हात धुवायची आणि सासऱ्याचा पाय मांडीवर घ्यायची. पट्टी म्हणजे कापड नव्हतंच. ज्वारीच्या पापडासारखा पातळ, पिवळट तपकिरी पापुद्रा होता. ती तो जखमेच्या मापानं कात्रीनं कापायची.

"हे काय गं वर्षा?" बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मामा, ह्यात चांदी हाय. चांदी जंतू मारती. जखम चिघळू देत न्हाई."

"चांदी? आन पिवळी?"

"लई बारीक केली की तिचा रंग बदलतो."

"मग आजून बारीक केली तर सोनं व्हतंय का?"

वर्षाराणी हसली. "न्हाई मामा. चांदी ती चांदीच. तुमचा एक केस घ्या आन त्याचे उभे हजारो भाग करा. त्यातल्या एका भागाएवढा एक कण. डोळ्याला दिसत न्हाई, भिंगानंबी दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, पर हाय."

"व्हय."

"हे मातुर कळलं," बाबा म्हणाले. "देवाचंबी तसंच हाय." मग म्हणाले, "पर एवढा बारका कण ऱ्हातो कशात? फुकरीनं उडून जाईल की."

"ते धरून ठेवायला एक चिवट पदार्थ आसतो. निसर्गातलाच. त्याच्यात चांदी विखरून बसवत्यात."

"डिंकावानी?"

वर्षाराणीची कात्री थांबली. तिनं सासूकडं पाहिलं. सासू ज्वारी निवडत होती.

"डिंकावानीच समजा," ती म्हणाली, आणि कात्री पुन्हा चालू झाली.

पाच आठवड्यांत लिंबाएवढी जखम बोराएवढी झाली. कडांनी लालबुंद मांस धरलं. बाबांना इतका आनंद झाला की पारावर, गिरणीत, दूध डेअरीवर, जिथं जातील तिथं एकच गाणं, "माझ्या तळपायात चांदी हाय!" कापून उरलेल्या पापुद्र्याचे तुकडेही त्यांनी टाकू दिले नाहीत. चांदी ती, उकिरड्यावर कशी टाकायची? बुक्क्याच्या डबीत जपून ठेवले. रोज सकाळी त्याच डबीतला बुक्का कपाळाला लावायचे.

सप्त्याची जोडणी बघायचा भागवत. पन्नाशीचा गडी, तोंडाचा फटकळ, पण सात दिवस गावाला पोटभर जेवू घालणारा. पारावर त्यानं बाबांना धरलं.

"बाबा, आतापत्तूर सासऱ्यानं सुनेच्या पायात चांदी घातलेली बघितली. तुमच्या घरी सून सासऱ्याच्या पायात घालाय लागली. आता जोडवी कवा करता?"

पार खदखदला. बाबाही हसले.

"हसू नगा, दाखवा की चांदी," भागवत म्हणाला. "आमी बघू तरी."

"ती दिसत न्हाई."

"आस्सं! दिसत न्हाई, वाजत न्हाई, मोजता येत न्हाई. बाबा, आसली चांदी तर माझ्या घरी पोत्यानं हाय."

चेष्टा चेष्टेनं गेली, पण काटा राहिला. सुनेवर शक नव्हता. शक होता तो कारखानदारावर. पिवळी पट्टी आणि नाव चांदीचं, पोरीला फसवलं असेल तर? सप्त्याला आठ दिवस होते. दुसऱ्या दिवशी बाबा बुक्क्याची डबी कमरेला खोचून कळंबला गेले, ते थेट बंडप्पा सोनाराच्या दुकानात.

बंडप्पा त्यांचा शाळासोबती. डोळ्याला भिंग लावून नथीचा फासा बसवत होता. पापुद्र्याचा तुकडा त्यानं चिमट्यात धरला, उजेडाला लावला, कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. दगड कोराच.

"कोंड्या, ह्यात चांदीचा कस बी न्हाय."

"लई बारीक हाय म्हणं."

"मग एक विलाज हाय. जुन्या शालूंची चांदीची जर येती ना आमच्याकडं, ती आमी जाळतो. रेशीम जळून जातं, चांदी मागं ऱ्हाती. हेबी जाळून बघू. आसंल तर ऱ्हाईल, जाती कुठं?"

बाबांना ते पटलं. आगीपुढं खोटं टिकत नाही, हे तर कीर्तनातही कितीदा ऐकलेलं. बंडप्पानं सगळे तुकडे मुशीत टाकले आणि आच लावली. पापुद्रा आक्रसला, काळा पडला, धूर निघाला.

आणि वास आला.

बंडप्पानं नाक वर केलं. "कोंड्या, हे काय म्हणाला तू? डिंक?"

"डिंकावानी."

"आरं, डागिन्याचा जोड धरायला म्या रोज डिंक लावतो. तो जळताना आसा वास मारत न्हाय. हा वास केस जळल्यावानी येतोय. न्हायतर नख, न्हायतर शिंग." त्यानं मूस उलटी केली. राखेचा एक करडा ठिपका पडला, मोहरीच्या निम्म्याहून कमी. "चांदी आसंल बी ह्यात, म्या न्हाय म्हणत न्हाय. पर बाकीचं झाडाचं न्हाय बाबा. हे जनावराचं हाय."

बाबा चांदी शोधायला गेले होते. परतताना एसटीत खिडकीशी बसले, तर नाकात तोच वास. हात नकळत डबीकडं गेला. जनावराचं काहीतरी आपण दीड महिना बुक्क्यात ठेवलं आणि रोज कपाळाला लावलं! त्यांनी डबी खिडकीबाहेर रिकामी केली. काळा बुक्का वाऱ्यानं उलटा आत आला आणि मागच्या बाईच्या लुगड्यावर पडला. तिनं तुळजापूरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाबांचा उद्धार केला. 

घरी वर्षाराणी भाकरी थापत होती. बाबा चौकटीतच उभे राहिले.

"वर्षा, खरं सांग. ती पट्टी कशाची हाय?"

तिचा हात परातीतच राहिला. तिला कळलं.

"मामा, झिंग्याच्या कवचाची."

"झिंगा म्हंजी?"

"सुकट आसती ना बाजारात, त्याच जातीचा. समुंदरातला, मोठा. त्याचं वरचं कवच आसतं. मांस लोक खात्यात आन कवचाचे ढीग कारखान्याबाहेर कुजत पडत्यात. ते धुऊन, औषधात उकळून त्यातून हा पदार्थ काढत्यात. त्यात मांसाचा अंश ऱ्हात न्हाई. आन कवचापायी कुणी त्याला मारत न्हाई मामा, ते टाकाऊच आसतं."

"पर मारलेलं हाय."

"...व्हय."

"आन तू मला डिंक सांगितलंस."

वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण नजर खाली गेली नाही. "खरं सांगितलं आसतं तर तुमी लावून घेतली आसती का? पाय गेला आसता. म्या लई इचार केला. तुमच्या पायापुढं मला दुसरं काय सुचलं न्हाई."

बाबांना रागवायचं होतं. राग येईना. लेकीसारखी पोर, पाय मांडीवर घेऊन बसते, तिच्यावर कसला राग? 

"आंगात मुरतं का ते?"

"थोडं मुरतं. आंग हळूहळू जिरवून टाकतं."

"म्हंजी," बाबा सावकाश म्हणाले, "तोंडानं न्हाई खाल्लं, पर जखमंनं खाल्लं."

चुलीवरची भाकरी करपली. गौराबाई मागून आल्या, भाकरी उलथली आणि नवऱ्यावर घसरल्या. "काय चाललंय? मृदंगाला काय भोपळ्याची साल चढवलीय व्हय? चामडंच हाय ना ते? त्याच्याम्होरं चाळीस वर्सं नाचताय. देवघरातला शंख काय कुंभारानं घडवलाय? त्योबी कुण्या जीवाचं घरच हाय. तवा न्हाई माळ बाटली!"

 हे बाबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. तीन तपं कीर्तनं ऐकली, मृदंगाच्या चामडी पुडीला हात लावून हात छातीला लावला, पण ती पुडी एके काळी उड्या मारत होती हा विचार एकदाही मनाला शिवला नाही. आता काय करायचं? मृदंगही सोडायचा? शंख नदीत टाकायचा?

"मृदंग आपुन आंगात मुरवत न्हाई," ते कसंबसं म्हणाले.

"मग नाद कुठं मुरतो? ढोपरात?" गौराबाई म्हणाल्या.

 उपरणं झटकून बाबा गोठ्यात जाऊन बसले. गाय रवंथ करत होती. तिला काय, तिला कशाचंच कोडं नव्हतं. दूध पितो ते चालतं. तूप चालतं. मध चालतो, मधमाश्या मेल्या तरी. सोवळ्याला रेशीम चालतं, किडे उकळले तरी. मग नाही काय चालत? ह्या सगळ्याची रेघ कुणी ओढली, आणि ती नेमकी कुठून जाते? मनाचा जितका गुंता सोडवायला जावं तितका तो आवळत होता. शेवटी थकलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. विचार सोडला आणि सोपं ते धरलं. पट्टी काढली. जखम धुतली, हळद आणि साजूक तूप भरलं, वर जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. सप्ताह होईपर्यंत पाय निर्मळ ठेवायचा, पुढचं पुढं.

संध्याकाळी सुनेला म्हणाले, "आता पट्टी तुझी सासू बांधील. सप्ताह हाय, तू सोवळ्यात हात लावू नगं." पोरीला लागलं ते. रागच असेल त्यांचा, निवळेल, असं तिला वाटलं. आणि गौराबाईंना त्यांनी सांगितलं, "वर्षानं बांधलीय." दोघी एकाच घरात, आणि दोघींना वाटत राहिलं की दुसरी बांधते.

माळ घातल्यापासूनचं बाबांचं हे पहिलं खोटं. माळ झिंग्यानं तुटते की खोट्यानं, असा एक नवा प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला. त्यांनी तो झटकला. पाय दुखत नव्हता. दुखत नाही म्हणजे देवाला मान्य आहे, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला. अहो, बधिर पाय तो! त्याच्या गप्प बसण्याला कसला अर्थ?

सप्ताह बसला. पहिल्या दिवशी दुपारी बाराला बाबांच्या गळ्यात वीणा आली. पायात मोजा चढवलेला, डोळे मिटलेले, मुखी नाम. थोडी कणकण होती. ती चैत्रातल्या उन्हाची, असं त्यांनी ठरवलं. माणसं येत होती, पायावर डोकं ठेवून बसत होती. एक-दोघांनी डोकं टेकवल्यावर नाक मुरडलं. मोज्यावर माश्या बसू लागल्या. बाबांचे डोळे मिटलेलेच.

एकच्या सुमारास बायकांच्या घोळक्यात वर्षाराणी आली. तिची पाया पडायची पाळी आली. तिनं वाकून डोकं टेकवलं, आणि मागची बाई खोळंबली तरी ते उचललं नाही. मग मान वर केली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"मामा, पट्टी कवा काढली?"

बाबा नाम घेत होते. पहाऱ्यात दुसरा शब्द काढायचा नसतो.

"आत्या!" तिनं सासूला हाक मारली. "पट्टी कुणी बांधली?"

"म्या न्हाई," गौराबाई म्हणाल्या. "तू ना?"

 वर्षाराणीनं मोजा खाली ओढला. चिंधी ओली होती. करंगळी जांभळी पडली होती.

"मामा, खाली बसा. आत्ताच्या आत्ता."

भागवत पंगतीत वाढत होता, तो वरणाची बादली घेऊन धावत आला. "आवं ताई, वीणा हाय गळ्यात! दोनपत्तूर बसता येत न्हाई."

"मग तुमी घ्या."

भागवतनं हात पुढं केले. कोपरापर्यंत वरण. "आंघूळ करून यायला पाव घंटा लागंल." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. दोनचा वीणेकरी शेतात होता. बाकीचे माळकरी पंगतीत उष्ट्या हातांनी बसलेले. बाबांच्या पायांना कंप सुटला होता. वीणा टेकली तर सव्वीस वर्षं पाण्यात. न टेकली तर पाय. त्यांनी नाम सोडलं नाही, पण आवाज फाटला.

तेवढ्यात गौराबाई पुढं झाल्या. पदर खोचला.

"द्या हिकडं."

"बाई मानूस?" कुणीतरी मागून म्हणालं. निंबोणीत बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती.

"माझ्या गळ्यात काय भेंडीची माळ हाय?" गौराबाईंनी मागं न पाहता विचारलं. "त्यांच्यासंगंच घातलीय म्या. वाका जरा."

बाबा वाकले. वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेली, नाम एका मुखातून दुसऱ्या मुखात गेलं, मधे श्वासाचीही फट पडली नाही. गौराबाईंचा आवाज चिरका होता, पण ताल पक्का होता. 

बाबांना देवळाच्या पायरीवर बसवलं. वर्षाराणीनं कळशीभर पाण्यानं जखम धुतली, पर्समधून पाकीट काढलं, फोडलं, आणि पापुद्रा हातात धरून थांबली.

"मामा, ही तीच पट्टी हाय. आता नुसत्या पट्टीनं भागायचं न्हाई, धाराशिवला जावंच लागंल. पर वाटंत जखम उघडी नगं. लावू का? तुमी न्हाई म्हणालात तर न्हाई लावणार. ह्या बारीला इचारल्याबगर न्हाई लावणार."

सगळी पंगत बघत होती. बाबांनी घाम पुसला.

"भागवता," ते म्हणाले, "हे मेलेल्या जीवाचं हाय. समुंदरातल्या. माळकऱ्यानं लावावं का? तू सांग."

भागवत वरणाचे हात घेऊन उभा. आयुष्यात पहिल्यांदा त्याला टोमणा सुचला नाही. "बाबा, एकादशीला भगर चालती का न्हाई, हेच म्या दरसाली तुमाला इचारतो. मला काय इचारता?"

पंगतीत कालवा झाला. एक म्हणाला चालतं, औषध आहे. दुसरा म्हणाला, मग उद्या कोंबडीचं औषध येईल, तेही चालवाल? तिसरा म्हणाला, ते आलेलंच आहे, तू घेतोस. चौथ्यानं मृदंगाकडं बोट दाखवलं, तर मृदंगवाल्यानं मृदंग पोटाशी धरला. बाबा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. प्रत्येकाचं पटत होतं. हीच तर पंचाईत होती.

"मला कळंना," ते शेवटी म्हणाले. आवाज लहान झाला होता. "खरंच कळंना गं पोरी. पर एवढं कळतंय, खोटं बोलून पाय निर्मळ ठिवला, आन त्योच कुजला. लाव. माळंचा हिशेब त्यो बघंल. माझा पाय मातुर तुमालाच उचलावा लागंल."

वर्षाराणीनं पट्टी लावली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

भागवतच्या जीपमधून धाराशिवला नेलं. करंगळी गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर गोष्ट वेगळी होती. पुढं त्याच पिवळ्या पट्ट्या, दर तिसऱ्या दिवशी, आणि जखम भरत आली. निंबोणीत दुपारचा पहारा त्या दिवसापासून शेवटपर्यंत गौराबाईंनी केला. काल्याच्या दिवशी बाबा दवाखान्यातून सुट्टी घेऊन आले, खुर्चीवर बसून गौराबाईंचं नाम ऐकलं, आणि घरी गेल्यावर म्हणाले, "आवाज जरा खालच्या पट्टीत लावत जा." पुढच्या साली वीणा कुणाच्या गळ्यात, हे अजून ठरलेलं नाही. घरात त्यावर रोज वाद आहे.

पण काल्याच्या पंगतीत एक झालं ते सांगतो आणि थांबतो. पान वाढलं. बाबांनी देवाचा घास काढला. मग आणखी एक घास काढून पानाबाहेर ठेवला. शेजारी बंडप्पा होता, त्यानं विचारलं, "ह्यो कुणाचा?"

"ज्याचं कवच माझ्या पायात हाय त्याचा," बाबा म्हणाले. "नाव म्हाईत न्हाई, गाव म्हाईत न्हाई. त्यो भात खातो का, ह्येबी म्हाईत न्हाई."

"पोचतोय का त्याला?"

"कुणाला ठावं."

माळ बाटली की नाही, त्यांना अजून समजलेलं नाही. विचारलं तर हात जोडतात. तेव्हा मायबापहो, मीही हात जोडतो. आता उठाल, प्रसादाला बसाल, तेव्हा पहिला घास घेण्याआधी क्षणभर थांबा. आपल्या देहासाठी ज्याचं घर खरवडलं गेलं, आणि ज्याला त्याची खबरही नाही, त्या दूरच्या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची एकदा आठवण काढा. रामकृष्णहरी.